उंदराच्या कानात

वेणीमाधव आयुष्यभर उंदरांच्या पेशी बघत आला आणि मी माणसांच्या खोड्या काढत आलो. आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो आणि शहराच्या कारभारात काडीचाही फरक पडला नाही.

तो एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे लोक हत्ती सांभाळतात तसा. यंत्र खोलीभर होतं, त्याला खायला वीज लागे, प्यायला थंड पाणी लागे आणि मर्जी फिरली की ते महिना महिना उठत नसे. त्याला उकाडा सोसत नाही म्हणून खोलीत एसी बसवला होता. आमच्या ओळखीत त्या काळी तेवढा एकच एसी. त्यामुळे जेठाची भाजणारी लू सुटली की गंगेकाठच्या पंचगंगा आणि दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतल्या निम्म्या मराठी बायकांना विज्ञानाची अनावर ओढ लागायची. दुपारी रिक्षा करून त्या संस्थेत जात, अंधारात बाकावर ओळीनं बसत आणि वेणीमाधव हिरव्या चमकत्या पडद्यावर त्यांना उंदराचं यकृत दाखवी. लांबट, आत आडव्या रेघा असलेलं जे दिसे त्याला तो मायटोकॉन्ड्रिया म्हणे, आणि माझी आई करंजी म्हणे. आकार बघता आईचं बरोबर होतं. पुढेपुढे तोही करंजी म्हणू लागला.

आता त्या बायका नाहीत. यंत्र आहे, पण ते नवं आहे, आणि ते सांभाळणारा मुलगा बंगळूरहून शिकून आलाय. वेणीमाधव तिथे अधूनमधून जातो. लोक त्याला खुर्ची देतात आणि चहा विचारतात, यावरून त्याला आपली परिस्थिती कळते.

कार्तिकात एका सकाळी मी त्याच्याकडे पेपर वाचत बसलो होतो. पेपर माझ्याकडेही येतो, पण शरदिनीवहिनींचा चहा येत नाही. तेवढ्यात मैत्रेयी आली. विष्णुशास्त्र्यांची नात. शास्त्रीबुवा पंचगंगेवरचे जुने उपाध्याय, दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. नात मात्र वेणीमाधवच्याच संस्थेत संशोधन करते. एका वनस्पतीचा अर्क उंदरांच्या गाठीवर काय करतो, हा तिचा विषय. वनस्पतीचं नाव कुणाला सांगायचं नाही असं तिनं मला बजावलंय, आणि मला ते लक्षात राहिलेलं नाही, त्यामुळे काळजी नाही.

तिनं लॅपटॉप उघडला, वेणीमाधवसमोर ठेवला आणि म्हणाली, "नाना, माझं सगळं बिघडलंय. देख लीजिए एक बार."

वेणीमाधव बघू लागला. मला काही कळेना, म्हणून त्यानं नेहमीप्रमाणे वहिनींना सांगितल्यासारखं करून मला सांगितलं. पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक म्हणजे मार बसला, विष मिळालं, रक्त तुटलं, की ती फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूला सूज येते. दुसरी तऱ्हा म्हणजे ती स्वतःच ठरवून जाते. तशी सूचना तिच्या आत आधीपासून असते. ती आकसते, आतला पसारा आवरते, त्याची लहान लहान गाठोडी बांधते, आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात. मैत्रेयीचं म्हणणं होतं, अर्कामुळे गाठीतल्या पेशी दुसऱ्या तऱ्हेनं जातात. तसं असेल तर औषध म्हणून त्याला अर्थ. पहिल्या तऱ्हेनं जात असतील तर ते फक्त विष, आणि विषाची जगात टंचाई नाही. रंग लावून केलेल्या साध्या चाचणीत पेशी मेल्याचं दिसत होतं. पण ती चाचणी कधीकधी दोन्ही मरणांना सारखाच रंग देते. परीक्षकांनी लिहिलं होतं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा, तरच मानू.

आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशी फुगलेल्या.

"आणि हा कोणता?" वेणीमाधवनं एका चित्रावर बोट ठेवलं.

"तो कंट्रोल. त्याला अर्क दिलाच नाही. नुसतं मिठाचं पाणी."

"त्याच्याही फुगल्यात."

"हो."

"मग अर्काचा काय दोष?"

मैत्रेयीचे मार्गदर्शक म्हणाले होते की हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक आणि दुसरा विषय बघ. चार वर्षं गेली होती. अर्क दिलेला एक उंदीर उरला होता आणि न दिलेला एक. आणखी उंदरांची परवानगी मिळणार नव्हती. या दोन उंदरांत काय दिसेल त्यावर सगळं होतं.

मग वेणीमाधवनं चौकशी सुरू केली. या माणसाला मी लहानपणापासून ओळखतो, पण असा खोदून विचारताना मी त्याला एकदाच पाहिलाय, आणि तेव्हा त्याची सायकल चोरीला गेली होती. पेशी टिकवायचं द्रावण ताजं होतं का? होतं. थंड होतं का? होतं. तुकडा केवढा कापलास? तिळाएवढा. पातं नवं होतं? नवं.

"आणि उंदीर गेल्यापासून तुकडा बाटलीत पडेपर्यंत वेळ किती?"

"लगेच."

"लगेच म्हणजे?"

"लगेच म्हणजे लगेचच, नाना."

तिचे कान लाल झाले. मी ते पाहिलं, वेणीमाधवनं पाहिलं नाही, कारण तो पेशी बघत होता. वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं की चौकीवर नेणार आहात का पोरीला, आणि चहा घेऊन बाहेर आल्या. तिच्याजवळ बसून म्हणाल्या, "काय करतेस गं मधल्या वेळात?"

मग तिनं सांगितलं. पहिल्या वर्षी तिनं पहिला उंदीर कापला त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आजोबांनी कारण विचारलं. त्यांनी ना संशोधन सोड म्हटलं, ना पापपुण्य काढलं. म्हणाले, आपल्या हातून जीव जातो तर त्याला एकट्याला धाडू नये. तोंडावर तुळशीचं पान ठेव, थेंबभर गंगा घाल, आणि कानात एवढं म्हण. असं म्हणून त्यांनी तिला एक स्तोत्र शिकवलं. तेव्हापासून ती प्रत्येक उंदराला भूल देते, तो गेला की पान ठेवते, गंगा घालते, आणि त्याच्या कानात स्तोत्र म्हणून मग पातं हातात घेते. मार्गदर्शकांना हे माहीत नव्हतं. त्या वेळी ती खोलीत कुणालाही येऊ देत नसे.

"पूर्ण म्हणतेस?" मी विचारलं.

"पूर्ण. फलश्रुतीसकट."

"शास्त्रीबुवांच्या चालीत?"

तिनं मान हलवली. विष्णुशास्त्र्यांची चाल मला माहीत होती. त्यांनी संकल्प सोडायला घेतला की यजमान मनातल्या मनात महिन्याचा हिशोब करून परत येई आणि शास्त्रीबुवा अजून जंबुद्वीपातच असत.

वेणीमाधवनं लॅपटॉप मिटला. "रक्त थांबलं की पेशी फुगायला लागते," तो म्हणाला. "द्रावणात पडली की जशी असेल तशी थिजते. तू त्या द्रावणात घालेपर्यंत त्या अर्क विसरून गेल्या होत्या. पेशी तुझी फलश्रुती ऐकत ऐकत गेल्या."

ती रडेल असं मला वाटलं. ती हसली, आणि मग रडली.

यावर उपाय सोपा आहे असं कुणालाही वाटेल. वेणीमाधवलाही वाटलं. तो म्हणाला, कापून झाल्यावर म्हण.

"मग ऐकणार कोण, नाना?"

"बरं, आधी म्हण."

"आधी म्हटलं तर त्याला कळेल ना."

चाळीस वर्षांच्या नोकरीत उंदराच्या बाजूनं विचार करायची वेळ वेणीमाधववर आली नव्हती. त्यानं सुचवलं की एकीकडे म्हण आणि एकीकडे काप. तिनं तेही करून पाहिलं होतं. स्तोत्र म्हणताना तिचे डोळे मिटतात. डोळे मिटून पातं चालवणं कुणाच्याच हिताचं नव्हतं.

मी म्हटलं, या दोन उंदरांपुरतं सोडून दे. शास्त्रीबुवा रागावणार नाहीत.

"रागावणार नाहीत," ती म्हणाली. "पण मग ते मला शिकवायला का बसले होते, काका? गुडघे दुखत होते त्यांचे. रोज माझ्यासाठी जिना चढून वर यायचे."

बाहेर गल्लीत कुणीतरी सांडाला बाजूला हो म्हणून विनवत होतं. मग शरदिनीवहिनी म्हणाल्या की इतकं काय त्यात, हिनं कापावं आणि दुसऱ्या कुणी म्हणावं. आणि त्या माझ्याकडे बघू लागल्या. वेणीमाधवही बघू लागला. मैत्रेयीही.

माझे वडील पंचगंगेवरचे उपाध्याय. मुंज झाली तेव्हा हे स्तोत्र मला निम्मं पाठ होतं, उरलेलं पुढे झालं. नंतर मी बँकेत लागलो आणि फावल्या वेळात चाळीस वर्षं भटजींवर विनोदी लिहिलं. लेखात शेंडी आली की वाचक आधीच हसायला बसे. घाटावरचे पंडे अजून मला बघून नमस्कार करतात, पण जरा जास्तच वाकून, त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे ते समजतं. अशा माणसानं मास्क लावून उंदराच्या कानात स्तोत्र म्हणायचं. मी हे एखाद्या पात्राच्या नावावर लिहिलं असतं तर संपादकानं अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

"माझा विश्वास नाही," मी म्हटलं.

"तुम्ही नका ठेवू," मैत्रेयी म्हणाली. "उंदराचा तरी कुठे असतो?"

पाठ होतं का ते बघू, एवढंच मी कबूल केलं. घरी येऊन छतावर गेलो आणि म्हणू लागलो. आलं. पण वडिलांच्या चालीत आलं. वडील विष्णुशास्त्र्यांच्या अगदी उलट. पितृपक्षात त्यांच्याकडे इतके यजमान असत की ते श्वास फक्त नावगोत्र विचारताना घेत. मैत्रेयीनं ऐकलं आणि म्हणाली, असं नाही, आजोबा असं म्हणायचे. आणि तिनं मला शिकवायला सुरुवात केली. काही दिवस रोज संध्याकाळी ती यायची, पाण्याच्या टाकीला टेकून बसायची आणि मी चुकलो की हात वर करायची. खाली घाटावर बांबूंच्या टोकाला आकाशदिवे चढत असत. मी संथ म्हणायला शिकलो. त्या चालीत मला अधूनमधून शास्त्रीबुवा ऐकू येत आणि मध्येच, एखाद्या ओळीच्या शेवटी, वडील घाई करत. दोघांचं जिवंतपणी कधी पटलं नव्हतं. माझ्या घशात त्यांनी कसंबसं जमवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या यादवांनी छतावरून विचारलं, "चाचा, घर में सब ठीक है न?" मी म्हटलं, घरात सगळे ठीक आहेत, बाहेरच्या एकाचं आहे. ते हळहळले.

ठरलेल्या सकाळी मी संस्थेत गेलो. मला निळा झगा, टोपी आणि मास्क दिला. आरशात मी डॉक्टरसारखा दिसत होतो, म्हणजे कुणाचं तरी नुकसान करेन असा. वेणीमाधव दारात उभा राहिला. आत यायला तो तयार नव्हता. तो म्हणाला, इतकी वर्षं माझ्याकडे तुकडेच आले, आख्खा उंदीर मी पाहिलेला नाही, आता कशाला?

उंदीर पांढरा होता. भूल पुरती चढली होती, आता त्याला काही कळणार नव्हतं. त्याचा कान गुलाबी आणि इतका पातळ होता की आतून उजेड दिसत होता. मैत्रेयीनं पान ठेवलं, चमचीनं थेंब घातला आणि माझ्याकडे बघितलं. मी वाकलो आणि सुरू केलं.

माझं म्हणणं इतक्या जवळून याआधी कुणी ऐकलं नव्हतं. मास्कमध्ये माझाच श्वास गरम लागत होता. दुसऱ्या की तिसऱ्या श्लोकाला तिच्या बोटांखालची त्याच्या छातीची हालचाल थांबली. मला ती दिसत होती म्हणून कळलं. मी थांबलो नाही. तिचं पातं फिरलं, चिमटा गेला, आला, आणि बाटलीत तिळाएवढं काहीतरी बुडालं. चार ओळींत झालं असेल सगळं. तिनं झाकण लावलं आणि मग, हातमोजे तसेच ठेवून, माझ्याबरोबर म्हणू लागली. आता कसलीच घाई नव्हती. फलश्रुतीही झाली. दुसऱ्या उंदरालाही तसंच. एकाला अर्क मिळालेला आणि एकाला नुसतं मिठाचं पाणी, पण स्तोत्रात आम्ही भेद केला नाही.

त्यानंतरचं काम वेणीमाधवचं. म्हणजे मैत्रेयीचंच, पण तो शेजारी बसला. तुकडे धुवायचे, काळ्या रसायनात घालायचे, अल्कोहोलमधून काढायचे, राळेत बसवायचे आणि भट्टीत वाळवायचे. मग काचेची पट्टी तोडून तिची धार करायची आणि त्या धारेनं राळेचे पापुद्रे काढायचे. हिऱ्याची सुरी होती, पण वेणीमाधवनं काच मागितली. बंगळूरच्या मुलानं हे आजवर फक्त सिनेमात पाहिलं असावं तसं बघितलं. पापुद्रा सुरीमागच्या पाण्यावर तरंगतो. तो सोनेरी दिसला तर जाड, चंदेरी दिसला तर बरोबर. वेणीमाधवच्या हाताला आता कंप आहे, म्हणून त्यानं सुरीला हात लावला नाही. तो नुसता म्हणत होता, सोनं, सोनं, अजून सोनं. मग म्हणाला, "ही चांदी. हिला जाऊ देऊ नकोस."

यंत्राच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. नव्या यंत्राचं चित्र संगणकावर येतं, पण मुलानं वेणीमाधवसाठी जुन्या धर्तीचा हिरवा पडदा उघडून दिला. मुलगा चांगला आहे. खोली थंड होती. बाकावर मी एका टोकाला बसलो आणि उरलेली जागा रिकामी राहिली. पूर्वी तिथे चिवड्याचे डबे मांडीवर घेऊन बायका बसत आणि वेणीमाधव ओरडे की यंत्रात शेव सांडली तर जर्मनीहून माणूस आणावा लागेल.

आधी अर्क न दिलेला उंदीर. पेशी एकमेकींना चिकटून, भरलेल्या, कडा सलग. मायटोकॉन्ड्रिया लांबट, आत रेघा.

"करंज्या," वेणीमाधव म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "शाबूत आहेत."

मैत्रेयीनं श्वास सोडला. म्हणजे आता जे दिसेल ते अर्काचं असेल. तिनं दुसऱ्या उंदराचा पापुद्रा बसवलेली जाळी आत घातली.

बराच वेळ नुसती गर्दी सरकत गेली. मग ती थांबली. मध्यभागी एक पेशी इतरांपासून जरा सुटून होती. आकसलेली, पण कुठेही न फुटलेली. तिच्या केंद्रकातला काळा ऐवज कडेला सरकून चंद्रकोरींसारखा गोळा झाला होता. तिच्या करंज्या अजून नीट होत्या. एका बाजूनं तिची दोनतीन गाठोडी सुटून वेगळी झाली होती, आणि त्यातलं एक शेजारच्या पेशीनं आत घेतलेलं होतं. आजूबाजूला कसली सूज नव्हती. कुणाला काही झाल्यासारखं वाटतच नव्हतं.

वेणीमाधव खुर्चीतून अर्धवट उठला. "ही गेली," तो म्हणाला. "हिला कुणी मारलेलं नाही. ही आवरून गेली."

मला आमची गल्ली आठवली. तिथून मराठी घरं अशीच गेली. आधी मुलं पुण्याला लागली. मग एका वर्षी गणपतीत मखर लहान झालं. मग काकू येऊन सांगून गेल्या की एवढं पुरणयंत्र तुम्ही ठेवा, तिकडे नवं घेऊ. भांडण नाही, लिलाव नाही, दारावर कुलूप पडल्याचंसुद्धा दुसऱ्या आठवड्यात ध्यानात येई. आमच्या स्वयंपाकघरात तीन घरांचे पाट आहेत, वहिनींकडे कुणाचा तरी तांब्याचं घंगाळ आहे, आणि त्या घरांत आता यादव आणि मिश्रा राहतात, चांगले आहेत. सूज कुठेच आली नाही. मी गल्लीतल्या प्रत्येकावर विनोद केला, पण यावर कधी केला नाही, कारण मला ते दिसलंच नव्हतं.

"फोटो घे," वेणीमाधव म्हणाला. "फार वेळ किरण ठेवलास तर पापुद्रा जळेल."

तिनं घेतला.

"एक पेशी म्हणजे योगायोग. परीक्षक तेच म्हणेल. पुढे जा."

ती पुढे गेली. दुसरी लवकर सापडली. तिसरी तिनं आम्हाला दाखवायच्या आधीच टिपली. मग ती स्वतःशीच बोलू लागली, अर्धं मराठी, अर्धं हिंदी: हे बघ इथे कोर आहे, ये वाली नहीं, ही फुगलेली, नको, ही हो. मुलगा तिच्या शेजारी येऊन आकडे लिहू लागला. ती मागे वळून बघेनाशी झाली. वेणीमाधव हळूच खुर्चीतून उठला आणि येऊन बाकावर माझ्याजवळ बसला. आम्ही थोडा वेळ तिची पाठ बघत राहिलो. मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि आम्ही उठलो.

दार ओढून घेतलं. जिना अर्धा उतरलो असू तेव्हा वरून तिचा आवाज आला, "नाना, इथे बघा, इकडे."

वेणीमाधव कठड्याला धरून थांबला. मीही थांबलो. वरून पुन्हा आवाज आला, या वेळी मुलाशी बोलण्याचा.

"दिसलंय तिला," वेणीमाधव म्हणाला, आणि उतरू लागला.